पुढचा अपघात कोठे होईल?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



अपघात हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, त्या सहजतेतच एक गैरसमज दडलेला आहे. जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते ते घडले, म्हणजे त्यास आपण अपघात म्हणतो आणि ‘त्याचे दिवस भरले होते’ असे म्हणून मोकळे होतो. एका माणसापुरते पाहिले तर यात खोटे काही नाही. उद्या सकाळी घरून निघालेला अमुक एक गृहस्थ संध्याकाळी सुखरूप परतेल किंवा नाही, हे कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकणार नाही. परंतु एका माणसाऐवजी लक्षावधी माणसांचा आणि एका दिवसाऐवजी वर्षाचा विचार करावयास लागले, की या अकल्पिततेचा पडदा बराचसा दूर होतो. केंद्र सरकारच्या परिवहन खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच्या पुढील वर्षीचा आकडा एक लाख बहात्तर हजारांच्या वर गेला. दोन्ही वर्षी मेलेली माणसे निराळी, वाहने निराळी, चालक निराळे. पण बेरीज जवळपास तीच. इतकेच नव्हे, तर यांतील पुष्कळ माणसे त्याच त्या वळणांवर, त्याच त्या उतारांवर आणि गावाजवळच्या त्याच त्या फाट्यांवर मेलेली असतात. पुढचा अपघात कोणाला होईल हे सांगता येत नाही. तो कोठे होण्याचा संभव अधिक आहे, हे मात्र पुष्कळ अंशी सांगता येते, आणि आज मला बोलावयाचे आहे ते याच विषयावर.

प्रथम आकड्यांविषयी थोडे. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील सर्व रस्त्यांच्या मानाने शेकडा दोनच्या आसपास आहे, पण २०२२ साली एकूण मृत्यूंपैकी शेकडा ३६ मृत्यू याच महामार्गांवर झाले. ६१,०३८ माणसे! हा आकडा ऐकून महामार्ग म्हणजे मृत्यूचे सापळे असे अनुमान कोणी काढील. तथापि इतकी घाई बरी नव्हे. ज्या रस्त्यावर वाहतूक दांडगी, तेथे अपघातही अधिक व्हावयाचेच. समजा, दहा किलोमीटरांच्या एका रस्त्यावरून रोज वीस हजार वाहने जातात आणि वर्षात पंधरा गंभीर अपघात होतात. तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या एका आडरस्त्यावरून रोज दोन हजार वाहने जातात आणि चार अपघात होतात. वर्तमानपत्रात बातमी पहिल्या रस्त्याची येणार, आमदार तेथेच भेट देणार. पण वाहनांनी तोडलेल्या अंतराने भागून पाहा. पहिल्या रस्त्यावर दर एक कोटी वाहन-किलोमीटरांमागे दोन अपघात पडतात, दुसऱ्यावर साडेपाच. त्या आडरस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या जिवाला पावणेतीनपट धोका आहे आणि त्याची वार्ताही कोणास नाही. असे असले तरी पैसा थोडा असेल तेव्हा तो पहिल्या रस्त्यावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते, कारण वाचणारे जीव तेथे अधिक. म्हणजे धोका मोजण्याचे माप एक नाही, दोन आहेत. आणि कोणते माप कोणत्या कामासाठी, हे आधी ठरवावे लागते.

आपल्याकडे महामार्गावरील अपघातप्रवण जागा ठरविण्यासाठी सरकारने एक व्याख्या केलेली आहे. सुमारे पाचशे मीटरांच्या टापूत लागोपाठच्या तीन वर्षांत मृत्यू अथवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात घडले, किंवा दहा माणसे मेली, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ समजावी. व्याख्या सुटसुटीत आहे, आणि काहीच नसण्यापेक्षा ती असणे केव्हाही चांगले. पण तिच्यात एक गंमत आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. असे धरून चला की पाचशे मीटरांचे शंभर तुकडे आहेत, त्या सर्वांचा धोका अगदी सारखा आहे आणि प्रत्येकावर तीन वर्षांत सरासरी तीन गंभीर अपघात होतात. सरासरी तीन म्हणून प्रत्येकावर नेमके तीन होतील असे नाही. संभाव्यतेच्या गणिताने पाहिले तर त्यांपैकी अठरा तुकड्यांवर केवळ योगायोगाने पाच किंवा अधिक अपघात होतील, आणि पाच तुकड्यांवर एकही होणार नाही. ते अठरा तुकडे काळ्या यादीत चढतील. तेथे फलक लागतील, झेब्रा पट्टे मारले जातील, आणि पुढील तीन वर्षांत त्यांवरील अपघात पुन्हा सरासरी तीनवर येतील. फलक लावले नसते तरीही ते आलेच असते! पण कंत्राटदार आणि अधिकारी दोघेही ‘अपघात चाळीस टक्क्यांनी घटले’ असा अहवाल देऊन मोकळे होतात, आणि त्यांना खोटे म्हणण्याचीही सोय नसते. फाशावर एकदा सहा पडले म्हणून फासा खोटा ठरत नाही, आणि पुढच्या वेळी दोन पडले म्हणून फासा फुंकणाऱ्याची विद्याही सिद्ध होत नाही. म्हणून ज्यांना हे काम खरोखर करावयाचे असते, ते नुसती अपघातांची मोजदाद करून थांबत नाहीत. तशाच जातीच्या, तितक्याच वाहतुकीच्या इतर रस्त्यांशी ते त्या जागेची तुलना करतात, आणि मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन रस्त्याची नाडी पाहतात.

नाडी पाहण्यात पहिली अडचण येते ती कागदपत्रांची. आपल्याकडील अपघाताची फिर्याद ज्यांनी वाचली असेल, त्यांच्या कानांत एक वाक्य घर करून बसलेले असेल: ‘आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने चालवून’ अमुक एकास मरण आणले. वाहन बदलते, गाव बदलते, वाक्य बदलत नाही. पोलिसांचा यात दोष नाही. त्यांना गुन्हेगार शोधावयाचा असतो आणि कायद्याला दोषी माणूस हवा असतो. कठडा गुन्हेगार असू शकत नाही, उतारावर खटला भरता येत नाही. पण याच फिर्यादींची बेरीज वर्षाअखेर दिल्लीस जाते, आणि २०२२ सालच्या अहवालात शेकडा ७१ मृत्यू ‘अतिवेगा’च्या रकान्यात पडतात. हा रकाना मोठा पोटाचा आहे. ज्याचे कारण शोधले गेले नाही तेही त्यात मावते.

याचा अर्थ वेग निर्दोष आहे असा मुळीच घेऊ नये. वेगाइतका घातक घटक दुसरा नाही. गोरान निल्सन या स्वीडिश अभ्यासकाने दाखवून दिले, की सरासरी वेग वाढला म्हणजे प्राणघातक अपघात त्याच्या साधारणतः चौथ्या घाताने वाढतात. साध्या भाषेत सांगावयाचे तर रस्त्यावरील सरासरी वेग ताशी ८० किलोमीटरांवरून ८४ वर गेला, की मरणारी माणसे सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतात. अवघ्या चार किलोमीटरांची ही किंमत! माझे म्हणणे इतकेच, की चालक तो वेग का धरतो आणि त्या वेगाने जाताना त्याची चूक झाली तर तिची शिक्षा मरणच का असावी, हे प्रश्न फिर्यादीत कधी उमटत नाहीत. विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरने गेल्या शतकाच्या सातव्या दशकात हे प्रश्न रीतसर मांडले. रोगाकडे जसे पाहावे तसे अपघाताकडे पाहा, असे त्याचे सांगणे होते. अपघातापूर्वी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर अशा तीन अवस्था घ्या. प्रत्येकीत माणूस, वाहन आणि परिसर यांचा वाटा तपासा. हिवतापाच्या साथीत रोग्याला ‘डास चावू कसे दिलेस’ म्हणून आपण दरडावीत नाही, डबकी बुजवितो. १९६६ साली अमेरिकेने महामार्ग-सुरक्षेची राष्ट्रीय कचेरी काढली, तेव्हा तिचा पहिला प्रमुख हाच हॅडन झाला.

आता आपल्याकडची दोन डबकी पाहू.

बेळगावहून हुबळीकडे जाणाऱ्या श्रोत्यांना पहिल्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पुण्याहून बंगळुराकडे जाणारा हा महामार्ग मधे दुभाजक असलेला, प्रशस्त. धारवाडाजवळ नरेंद्र येथे वळणरस्ता लागतो, आणि हुबळीजवळच्या गब्बूरपर्यंतचा हा सुमारे तीस किलोमीटरांचा टप्पा वीस वर्षांहून अधिक काळ दुपदरीच राहिला. मागे रुंद, पुढे रुंद, मधे दुपदरी! १५ जानेवारी २०२१ रोजी सकाळी याच टप्प्यावर इटिगट्टीजवळ दावणगेरेहून गोव्याकडे निघालेल्या मैत्रिणींचा टेंपो आणि एक टिपर यांची समोरासमोर टक्कर झाली आणि दहाहून अधिक माणसे गेली. ती बातमी पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या दिवशीच्या चालकांविषयी मला काही म्हणावयाचे नाही. मला त्या रस्त्याच्या आखणीविषयी बोलावयाचे आहे.

दोन-चार तास चौपदरी रस्त्याने आलेल्या चालकाचा डोळा आणि पाय वेगाला सरावलेले असतात. ताशी ९० किलोमीटरांचा वेग त्याला ६० सारखा वाटू लागतो. समोरून कोणी येणार नाही, ही खात्री त्याच्या अंगवळणी पडलेली असते. अशा माणसाला आपण अचानक अशा रस्त्यावर आणून सोडतो, की जेथे पुढचा ट्रक ओलांडावयाचा तर समोरून येणाऱ्याच्या हद्दीत शिरावे लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे ताशी ८० किलोमीटर वेगाच्या वाहनाला थांबण्यासाठी १२० मीटर अंतर दिसावे लागते. पण दुपदरी रस्त्यावर दुसरे वाहन निर्वेधपणे ओलांडून पुढे जाण्यासाठी ४७० मीटर मोकळा रस्ता दिसला पाहिजे. वेग १०० असेल तर ६४० मीटर. समोरचे वाहनही ८० च्या वेगाने येत असेल, तर ४७० मीटरांचे अंतर उभयतांनी मिळून साडेदहा सेकंदांत संपते. मिणमिणत्या पहाटे, धुक्यात, समोरच्या दिव्याकडे पाहून तो दिवा ३०० मीटरांवर आहे की ५००, हे सांगण्याची शक्ती निसर्गाने मानवी डोळ्यास दिलेली नाही. यावर ‘सावकाश जा’ असा फलक लावणे म्हणजे ओल्या फरशीवर ‘घसरू नका’ असे लिहून ठेवण्यासारखे आहे. २०२२ साली या टप्प्याच्या सहापदरीकरणाची पायाभरणी झाली. पण रस्ता रुंद होईपर्यंत मधे एक दोरखंडी कठडा घालता येत नाही काय, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. स्वीडनमध्ये तो विचारला गेला. तेथे १९९८ पासून पुष्कळ जुने रुंद रस्ते फार न वाढविता तीनपदरी केले. एकदा या बाजूस दोन पदर, काही अंतराने त्या बाजूस दोन, आणि मधे पोलादी तारांचा कठडा. वाहने तारेवर आदळत राहिली, पत्रे चेपत राहिले. पण समोरासमोरच्या टकरा जवळजवळ थांबल्या आणि अशा रस्त्यांवरील मृत्यू पाऊणपटीच्या आसपास घटले. चालकांचा स्वभाव बदलला नव्हता.

दुसरे ठिकाण इंदूरकडच्या श्रोत्यांच्या ओळखीचे आहे. मुंबई-आग्रा मार्गावर राऊ ते खलघाट या टप्प्यात माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात उतरतो. तेथील गणपती घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेले ट्रक पुढच्या वाहनांवर आदळणे, पेटणे, हे वर्षानुवर्षे चालले होते. येथेही ‘ब्रेक फेल’ हे शब्द असे उच्चारले जातात की जणू ब्रेकला झटका आला. वस्तुतः त्यात आकस्मिक काहीच नाही. चाळीस टन वजनाचा ट्रक शंभर मीटर उंचीवरून खाली उतरतो तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्या ऊर्जेत तोच ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगात असताना लागोपाठ सात वेळा संपूर्ण थांबविता आला असता. ही सारी ऊर्जा कोठे तरी गेली पाहिजे. ट्रक खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन तिचा मोठा वाटा पोटात घेते. गिअर न्यूट्रलमध्ये टाकला, की सारा भार ब्रेकच्या ड्रमवर पडतो. ड्रम तापतो, अस्तर गुळगुळीत होते, आणि पाय तळापर्यंत गेला तरी चाक ऐकत नाही. घाटाच्या माथ्यावर ब्रेक चांगले असतात, पायथ्याशीच ते नसतात.

मग चालक न्यूट्रल करतात कशाला? डिझेल वाचविण्यासाठी. ठरलेल्या मापाबाहेरचे डिझेल ज्याच्या पगारातून कापले जाते, तो घाटात चार लिटर वाचविणारच. मालाचे वजन मर्यादेबाहेर आहे हे चढविणाऱ्याला ठाऊक असते, उतरविणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणजे या एका अपघातात उताराचे प्रमाण आहे, ट्रकची देखभाल आहे, मालधन्याचा हिशेब आहे, आणि सर्वांत शेवटी चालकाचा पाय आहे. फिर्यादीत मात्र एकटा पायच येतो. २०२४ सालाच्या अखेरीस तेथे सुमारे नऊ किलोमीटरांचा, सौम्य उताराचा नवा मार्ग वाहतुकीस खुला करण्यात आला. जो उपाय झाला तो उताराला झाला, उपदेशाला नाही, हे ध्यानात घ्यावे.

अशी तपासणी कोठे झालीच नाही असे नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली. त्या सुमारास तेथे एकेका अपघाताची जागेवर जाऊन छाननी करण्याचा उपक्रम सुरू झाला. वाहन कोठून घसरले, कशावर आदळले, आतला माणूस कशाने मेला, असे पाहता पाहता निष्पन्न झाले, की साइडपट्टीवर उभे केलेले ट्रक आणि कठड्याविना उघडे पडलेले खांब, भिंती व खडक हे फार मोठे अपराधी आहेत. ते झाकले, उभी वाहने हटविली, वेगावर नजर बसविली. २०१९ पर्यंत वर्षाचे मृत्यू शंभराच्या खाली आले. आसनपट्टा आणि शिरस्त्राण यांविषयी मी येथे लांबण लावीत नाही. २०२२ साली शिरस्त्राण न घातलेली पन्नास हजार आणि पट्टा न बांधलेली सोळा हजारांवर माणसे मेली, एवढा उल्लेख पुरे.

पण माणसे मरण्याची वाट पाहून मग जागा सुधारणे, ही मुळातच क्रूर पद्धत आहे. तीन वर्षे, पाच अपघात, मग प्रस्ताव, मग मंजुरी! ही पद्धत टाळता येते. या शतकाच्या आरंभापासून अनेक देशांत रस्त्याचे दर शंभर मीटर चित्रित करून त्याला एक ते पाच तारे देण्याची पद्धत रूढ झाली आहे. दुभाजक आहे की नाही, कडेला झाड किती अंतरावर, पायी जाणाऱ्यास पदपथ आहे काय, चौक कसा आहे, यांवरून पादचारी, सायकलस्वार, मोटारसायकलवाला आणि मोटारीतला माणूस अशा चौघांसाठी निरनिराळे तारे दिले जातात. यातली खुबी अशी, की जो रस्ता मोटारीला चार तारे मिळवितो तोच पादचाऱ्याला एक मिळवितो. आपल्याकडील पुष्कळ नव्या महामार्गांचे हेच आहे. गाव या बाजूस, शाळा आणि बसथांबा त्या बाजूस, आणि भुयारी मार्ग अर्ध्या किलोमीटरावर. गावकरी अर्धा किलोमीटर चालत नाहीत, दुभाजकातील तुटक्या जागेतून पलीकडे जातात. त्यांना अडाणी म्हणणाऱ्याने डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन एकदा तो वळसा घालून पाहावा. २०१९ च्या मोटारवाहन कायद्यातील दुरुस्तीने सदोष आखणीबद्दल रस्ता बांधणाऱ्यास आणि आखणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. रक्कम हास्यास्पद असली तरी, आखणी हाही अपघातातील एक पक्ष आहे, हे निदान कायद्याने मान्य केले.

शेवटी आपल्या भागातील एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण तिला नवा रस्ता लागत नाही, मंजुरी लागत नाही. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, अथणी या पट्ट्यात उसाचा हंगाम सुरू झाला, की रात्री रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. दोन दोन ट्रॉल्या एकामागे एक, वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर, मागे दिवा नाही, आणि असलाच तर लोंबत्या उसाच्या वाड्याखाली झाकलेला. मागून येणाऱ्या मोटारीच्या खालच्या झोताचा उजेड चाळीस-पन्नास मीटरांपलीकडे धड पोचत नाही. ८० च्या वेगात थांबावयास तर १२० मीटर हवेत. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच वेळ टळून गेलेली असते. यात चालक झोपेत असण्याची अथवा दारू प्यालेला असण्याची गरज नाही. ट्रॉलीच्या मागल्या फळीस आणि दोन्ही कडांस चकाकणारी लाल-पांढरी पट्टी लावली, तर तीच ट्रॉली कितीतरी आधी, थांबावयास पुरेशा अंतरावरून डोळ्यांत भरते. पट्टीस खर्च येतो तो उसाच्या एका खेपेच्या भाड्यापुढे नगण्य. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच. पट्टी नसेल त्या ट्रॉलीला काट्यावरच थांबवून ती लावावयाची आणि पैसे वाहतुकीच्या बिलातून वळते करावयाचे, एवढा ठराव कारखान्यांच्या संचालक मंडळांनी गळीत सुरू होण्याआधीच्या सभेत केला, की पहिल्या आठवड्यात सगळ्या ट्रॉल्यांना पट्ट्या लागतात.